संत्र्यासारखा गोल

सन पंचावन्न. माझं वय तेवीस. तोवर टाचेवर गर्रकन फिरणारा माणूस मी फक्त दंडारीच्या नाचात पाहिला होता. मास्तर मला पहिल्यांदा दिसले ते तसेच फिरताना.

पांढुर्ण्याच्या स्टेशनाला लागून आमचं पेट्यांचं आवार होतं. बागाईतदारांचा संत्रा रेल्वेनं बाहेर जायचा, त्याच्या पेट्या आम्ही ठोकायचो. दुपारच्या भाकरीची वेळ होती. पांढरं धोतर, काळी टोपी, काखेत छत्री, असा एक किडकिडीत माणूस आत शिरला. कोणाशी बोलला नाही. पायानं भुसा बाजूला सारला, डावी टाच मातीत रोवली, उजवा पाय लांब करून अंगठा टेकवला आणि जागच्या जागी एक फेरी मारली. मातीत वाटोळी रेघ उमटली.

"हे काय आहे, मिस्त्री?"

मी भाकर चावत म्हटलं, "वाटोळं हाय जी."

"वर्तुळ म्हणतात त्याला. आता हे उचलून माझ्या हातात दे."

"रेघ कशी उचलाव जी? काहीतरीच बोलून राहिले तुम्ही."

"माझी पोरंही हेच म्हणतात," ते म्हणाले आणि भुशावर फतकल मारून बसले. "फळ्यावरची रेघ उचलता येत नाही. पोरांना उचलता येईल असं काहीतरी मला करून दे."

असे होते मास्तर. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यांची मुलं असतील, नातू असतील, तिकडं नागपूरकडं मोठ्या हुद्द्यावर असतील. आणि खरं सांगू का, नाव घ्यायला जीभ उचलत नाही. पण गंमत पाहा. इतकी वर्षं माझ्या पोटात त्यांचा राग आहे, तरी मी त्यांना 'ते'च म्हणतो. 'तो' म्हणायला गेलो की तोंड अडतं. तुमच्याही गावात असा एखादा मास्तर असेल, तर तुम्हाला हे समजेल.

गावातल्या शाळेत ते पहिली-दुसरीला शिकवायचे. मूळचे नरखेडकडचे. म्हणजे काही परमुलखातले नाहीत, गाडीनं घटकाभराची वाट. पण भाषा आमच्यापेक्षा जरा धुतलेली. आम्ही 'मले' म्हणालो की ते 'मला' म्हणायचे, आणि फार खुशीत आले की मात्र आमच्यासारखंच बोलायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पहिले हातात घ्या, मग नाव घ्या." पोरांना हेच, बायकोला हेच, भाजीवालीलाही हेच. वांगं हातात घेऊन उलटंपालटं केल्याशिवाय ते त्याला वांगंसुद्धा म्हणत नसत. भाजीवाली चिडायची. "गुरुजी, घ्याचं असन तं घ्या नाहीतं ठेवा, माह्या वांग्याले कायले कुरवाळून राहिले?"

आवारात सालईच्या फळ्यांचे तुकडे ढिगानं पडलेले असत. चुलीत जाण्यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता. त्यातून मी मास्तरांना आकार करून द्यायला लागलो. आधी घन. सहाही अंगं सारखी, कुठूनही टेकवा, तसाच दिसणार. मग लांबट, विटेसारखा. मग तिकोनी टोकाचा, मग शंकू, मग दंडगोल. गुण्या लावून लावून रंधा मारला. कोणी विचारलं असतं, सुतारा, पोरांच्या खेळाला एवढी मेहनत काहून, तर मी त्याला सांगितलं असतं, तुझ्या दाराची चौकट मी केली असती तर तुझं दार आज कुरकुरलं नसतं.

शाळेत एकदा पाहायला गेलो. मास्तरांनी सगळे आकार एका पोतडीत घातले होते. एकेक पोर पुढं यायचं, पोतडीत हात घालायचं आणि न पाहता सांगायचं. किती कोपरे लागले? किती कडा? बोट कुठं अडतं, कुठं घसरून जातं? एका पोरीनं दंडगोल चाचपला आणि म्हणाली, "गुरुजी, याच्या वर रुपया हाय, खाली रुपया हाय, अन् मधात पोळी गुंडाळली हाय." मास्तर इतके खूश झाले की टेबलावर चढून बसले. म्हणाले, "पुस्तकात याच्याहून बरं लिहिलेलं नाही."

दुसऱ्या वेळी त्यांच्या हातात दाढीचा आरसा. पाटीवर बैलाचं अर्धंच तोंड काढलेलं, एक शिंग, एक कान, एक डोळा. त्यांनी आरसा मधोमध उभा धरला, आणि अख्खा बैल पोरांकडं पाहायला लागला. सगळा वर्ग 'आँ' करून उठला. मग त्यांनी माझ्याकडं वळून आरसा माझ्याच नाकावर उभा धरला. "पाहा, आपल्या मिस्त्रीच्या तोंडाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का?" पोरं ओरडली, "नाही जी! एक मिशी मोठी हाय!" त्या दिवसापासून मी दोन्ही मिशा मापानं कापतो.

वाकडी रेघ शिकवायला ते पोरांना जाम नदीवर घेऊन गेले. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहते ती जाम, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार होते, हे तुम्हाला सांगायला नको. इकडून तिकडं दगड, तिकडून इकडं दगड. मास्तर त्या दिवशी दाराला आतून कडी लावून बसायचे. पण शिकवायला त्यांना तोच दगड सापडला. "सावरगावकडं दगड मारायचा असेल तर कुठं नेम धरता? समोर?" पोरं हसायला लागली. समोर नेम धरला तर दगड पाण्यातच पडणार, हे तर रांगतं पोरही जाणतं. "वर माराव लागते जी." "का?" "तो वाकून जाते." मास्तरांनी बोटानं हवेत ती कमान काढली. जसा चढला तसाच उतरला. "याला वक्र रेघ म्हणतात. तुमच्या गावानं ती हातानं हजार वेळा काढली आहे, फक्त नाव आज घेतलं."

असा माणूस कोणाला आवडणार नाही? मला आवडला. नुसता आवडला नाही, मी त्यांच्या भरवशावर राहिलो. माझं चुकलं, असं मी म्हणत नाही. भरवसा ठेवणाऱ्याचं कधी चुकत नाही.

झालं असं. त्या वेळी शाळांमध्ये हस्तोद्योग शिकवायला माणसं घेणार, असं चाललं होतं. सूतकताई, सुतारकाम, असलं. आमच्या शाळेत सुतारकामाची एक जागा निघणार होती. मी दुसरीतून शाळा सोडलेली. बाप म्हणाला होता, करवतीला अक्षरं लागत नाहीत. मास्तर मला म्हणाले, "चौथीच्या परीक्षेला मी तुला बाहेरून बसवतो. तपासणीच्या साहेबांच्या कानावरही मी घालतो. तू शाळेत आलास तर माझे आकार घडवायला घरचा माणूस होईल."

त्या दिवसापासून दुपारची भाकर झाली की ते आवारात यायचे आणि खोक्यावर बसून मला तिसरीचं, मग चौथीचं पुस्तक वाचायला लावायचे. मी अडखळायचो. बाकीचे मिस्त्री हसायचे. घरी बायको म्हणायची, "काय हो गुरुजी, आज शाळेले सुट्टी हाय काय?" टोमणा होता, पण त्या 'गुरुजी'त तिलाही गोडी होती. तिनं मोहल्ल्यातल्या बायकांना सांगून टाकलं होतं. मीही कोणाला नाही म्हटलं नाही. पेट्या ठोकणाऱ्याला कोणी अहोजाहो करत नाही. मास्तराला करतात. मला ते पाहिजे होतं. त्यात लपवायचं काय?

आता त्या गोलाकडं येतो.

सगळे आकार झाले, गोल राहिला. सालई खरादावर फिरवून कातताना फाटते, म्हणून मी शिवणीच्या लाकडाचा ठोकळा घेतला. माझा बाप तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल करायचा, त्याचा खराद घरी होता. मास्तरांना विचारलं, "मापाले काय घेऊ जी?"

हंगाम होता. आवारात संत्र्याचा ढीग पडलेला. त्यांनी वरचं एक फळ उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं. "असा. संत्र्यासारखा गोल."

मी अंदाजाचं काम करत नाही. डाव्या हातात संत्रं, उजव्या हातात ठोकळा. फिरवायचा, थांबवायचा, जोडून पाहायचा. आता तुम्ही आमच्या भागाचं संत्रं पाहिलं असेल. वरून जरा दाबलेलं, खालून जरा दाबलेलं, देठाशी बोटाएवढा खळगा. मी तसंच उतरवलं. वरून दाबलं, खालून दाबलं, खळगा कोरला. तेल पाजलं. शाळेत नेऊन दिला.

मास्तरांनी डोळे मिटून गोल हातात फिरवला. अंगठा खळग्यात गेला आणि तिथंच थांबला. मग ते हसायला लागले. टोपी काढून टोपीनंच डोळे पुसले.

"मिस्त्री, हा गोल कुठं आहे रे? हे तर संत्रं आहे!"

"तुम्हीच तं म्हटलं, संत्र्यावानी."

"म्हटलं खरं."

मला ते लागलं. मी म्हटलं, आणा इकडे, दुसरा करतो, चेंडूवानी वाटोळा. हात पुढं केला. त्यांनी गोल पोटाशी धरला. "राहू दे, राहू दे. हा टेबलावर बसतो तरी. खरा गोल असता तर पोरांना दिवसभर बाकाखाली पळवलं असतं. हा आपल्या गावचा गोल आहे. आपल्या गावात चालेल."

हे त्यांचे शब्द. मी खोटं लिहीत असेन तर माझा हात झडो.

त्यानंतर सगळी पोरं त्याच गोलावर शिकली. वर्षभर. गोल म्हणजे कसा? जो बसतो, आणि ज्याला देठाची जागा असते. मास्तर सांगायचे की खरा गोल याहून वाटोळा असतो, पण ते हसत सांगायचे. आणि पोरांना माणसाचं बोलणं कमी आणि हातातलं लाकूड जास्त समजतं. ती तर त्यांचीच शिकवण होती.

इकडं देशात भाषेप्रमाणं नवीन राज्यं करायचं निघालं. आतापर्यंत आमची राजधानी नागपूर. आता मराठी बोलणारे एकीकडं, हिंदी बोलणारे एकीकडं. आमचं काय? आम्ही घरात मराठी, बाजारात दोन्ही, कचेरीत साहेब बोलेल ते. चौकात रोज चर्चा. मास्तर तिथं छत्रीच्या टोकानं मातीत नकाशा काढायचे. "ही जाम. हे सौंसर. हे नागपूर. रेघ वरून जाणार, छिंदवाड्याच्या अंगानं. आपण सगळे खाली." लोक मान डोलवायचे. छत्रीचं टोक जिकडं फिरेल तिकडं सगळ्यांचे डोळे.

कोणीतरी विचारलं, "अन् रेघ खालून गेली तं, गुरुजी?"

"जाऊ दे. शाळा हिंदी झाली तर मी चिंचेखाली मराठी वर्ग भरवीन. पण मी इथून हलत नाही." मग माझ्याकडं बोट दाखवून, "हा मिस्त्री आणि मी. आम्ही दोघं इथंच."

तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं. मी तर मानेनं हो म्हटलं.

रेघ खालून गेली. छप्पनचा पोळा होईपर्यंत ते पक्कं झालं. पांढुर्णा, सौंसर मध्य प्रदेशात. नरखेड, काटोल तिकडं मुंबई राज्यात. चौकात मास्तर दिसेनासे झाले. मला वाटलं, दुःख झालं असेल. मी त्यांना वाचनाचंही विचारलं नाही. म्हटलं, माणसाला जरा वेळ द्यावा.

दसऱ्याच्या आधी शाळेची तपासणी आली. शाळा तपासणाऱ्या मोठ्या साहेबाला आम्ही डिप्टी साहेब म्हणायचो. हा हिंदीकडचा होता, माणूस मोकळा, पोट मोठं. मास्तरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या दिवशी शाळेत ये. साहेबांना तुला दाखवतो." बायकोनं सदरा नीळ घालून धुतला. मी दोन्ही मिशा कापल्या आणि वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

पोतडीचा खेळ झाला. साहेब खूश. कोपरे विचारले, कडा विचारल्या, पोरांनी धडाधड सांगितलं. मग साहेबानं माझा गोल उचलून टेबलावर ठेवला आणि बोटानं ढकलला. गोल डुलला आणि बसला.

"अरे, ये तो बैठ गया!" साहेब हसला.

त्यानं शिपायाकडून बाहेर खेळणाऱ्या पोरांचा रबरी चेंडू मागवला. दोन्ही शेजारी ठेवले. पहिल्या ओळीतल्या एका पोरीला म्हणाला, "बेटी, सांग, यातला गोल कोणता?"

पोरीनं क्षणभरही विचार केला नाही. माझ्या लाकडी गोलावर बोट ठेवलं. "हा गोल जी. तो तं चेंडू हाय."

साहेबानं वर्गाला विचारलं. सगळा वर्ग एका सुरात, "हा गोल! तो चेंडू!"

एक हुशार पोर उठून समजवायला लागलं, "त्याले देठाची जागाच नाही ना जी, तो गोल कसा राहीन?"

साहेब टेबलाला धरून हसला. मीही दारात हसलो. मला वाटलं, आता मास्तर सांगतील, साहेब, गंमत अशी झाली. संत्र्याची गोष्ट सांगतील. साहेब आणखी हसेल. त्या हसण्यातच माझं काम होऊन जाईल.

साहेबानं हसू आवरलं. "मास्टरजी, ये क्या सिखाया? खरा गोल टेबलाला एकाच जागी टेकतो. हा तर लोट्यासारखा बसला. कुणी बनवला?"

मास्तर उभे होते. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. ते माझ्याकडं पाहत नव्हते, खिडकीकडं पाहत होते.

"गावातला एक सुतार आहे, साहेब. अडाणी आहे. नीट सांगितलं होतं त्याला, पण त्याच्या डोक्यात शिरलं नाही."

"तुम्ही हस्तोद्योगासाठी एका सुताराचं सांगत होता. वही है क्या?"

"नाही साहेब," मास्तर म्हणाले. "तो वेगळा."

मी दारात उभा. नीळ घातलेला सदरा. हातभर अंतरावर. एका पोरीनं वळून माझ्याकडं पाहिलं, तिला मी माहीत होतो. मग तिनंही मान फिरवली. पोरं मास्तर करतील तसं करतात.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले. "ये मिस्त्री, चहा घे."

"चहा नाही पाहिजे जी. वेगळा कोण ते सांगा."

त्यांनी मागचं दार ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेब आज सौंसरला मुक्कामी आहेत. तिकडच्या राज्यात ज्यांना जायचं, त्यांची नावं तेच पुढं पाठवणार आहेत. चुकीचं शिकवतो, असा शेरा पडला असता तर माझं नाव मागं राहिलं असतं."

"तुम्ही चालले?"

"आई नरखेडला एकटी आहे. बायकोचं माहेर तिकडं. इथं उद्या सगळं हिंदी. मी हिंदीत काय शिकवू?"

"चौकात तं तुम्ही सांगत होते, मी हलत नाही."

"चौकात माणूस बोलतो रे."

"अन् वर्गात?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. म्हणाले, "तू समजून घे. तुझं काय बिघडलं? तुझे हात आहेत, तुझं आवार आहे. तुला कोणी इथून उठवत नाही. माझं मात्र नाव खराब झालं असतं."

"माहं नाव तं तुम्ही घेतलंच नाही जी," मी म्हटलं.

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग एकदम म्हणाले, "तुझ्या जागेचं मी तिकडून पाहतो. तिकडंही शाळा आहेत. मला जरा स्थिर होऊ दे. तोवर एवढं कर, दोन दिवस गप्प राहा. साहेब सौंसरला आहेत तोवर कोणाशी बोलू नको."

हे मागताना त्यांचे डोळे भरले होते. मी ते पाहिलं. मी दगड नाही. पण जो माणूस पोरांना शिकवतो की पहिले हातात घ्या मग नाव घ्या, त्यानं मला वर्षभर हातात घेतलं आणि वेळ आली तेव्हा नाव घेतलं नाही. याला काय म्हणायचं, ते तुम्ही सांगा. मी ओट्यावरून उतरून आलो.

त्यांचं काम झालं. दिवाळीनंतर ते गेले. आमच्या आवारातून फलाट दिसतो. ट्रंक, वळकटी, बायको, आणि हमालाच्या डोक्यावर आकारांची पोतडी. पोतडीतले आकार माझ्या हातचे, त्यांनी मला विचारलं नाही. गाडी लागली तसे ते आमच्या आवाराकडं तोंड करून उभे राहिले. हात अर्धा वर केलेला. मी खिळा ठोकत होतो. खिळा बसला, तरी ठोकत होतो. मान वर केली तेव्हा फलाट रिकामा होता. परत ते पांढुर्ण्याला आले नाहीत. नरखेड किती लांब? गाडीत बसून दोन बिड्या ओढाव्या, तेवढ्यात येतं. माझ्याकडूनही जाणं झालं नाही, आणि होणारही नव्हतं.

गोल मात्र त्यांनी नेला नाही. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मास्तरांनी तो टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला. बसतो ना, म्हणून. सुतारकामाच्या जागेवर छिंदवाड्याकडचा कोणी आला. चौथीच्या परीक्षेला मी बसलो नाही. बायकोनं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. मला 'गुरुजी' म्हणणंही सोडलं. तिनं ते टोमण्यात जरी एकदा म्हटलं असतं, तरी चाललं असतं.

लोक म्हणतात, तो माणूस चांगला होता, पोरांचा जीव होता त्याच्यावर. होता. मीच सांगतो, तसा मास्तर पुन्हा या गावात आला नाही. त्यामुळं राग कमी होत नाही, वाढतो. वाईट माणसानं दगा दिला असता तर मी विसरलो असतो.

आता तपासणीच्या दुसऱ्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं.

त्या सकाळी मी आवारात गेलो नाही. पहिल्या मोटारीनं सौंसरला गेलो. बायकोला वाटलं, मी मास्तरांचं सगळं बाहेर काढायला चाललो. ती दाराशी म्हणाली, "जा अन् सांगूनच या." मोटारीत बसलो तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

विश्रामगृहाच्या ओसरीवर साहेब दाढी करत बसला होता. अर्ध्या गालाला साबण. शिपाई मला अडवायला आला. साहेबानंच विचारलं, "क्या काम है?"

मी पायरीवर उभा राहून म्हटलं, "साहेब, पांढुर्ण्याचा तो सुतार मी. मास्तरांनी ज्याचं तुम्हाले सांगितलं होतं तो, अन् ज्यानं गोल केला असं काल म्हणाले तो. वेगळा कोणी नाही. दोन्ही मीच."

साहेबाचा वस्तरा थांबला. त्यानं मला नखशिखान्त पाहिलं. हसला नाही.

"मतलब, तुम्हारे मास्टर झूठ बोले?"

त्याच्या मागं टेबलावर कागद पडले होते. नावं त्यातच असतील. मी 'हो' म्हणायचा अवकाश होता. मास्तर जन्मभर पांढुर्ण्यात राहिले असते, चिंचेखाली वर्ग भरवला असता, आणि रोज माझ्या तोंडाकडं पाहिलं असतं. मी त्यांना वाचवलं, असं कोणी समजू नये. मी चुगली करायला गेलो नव्हतो, एवढंच. मला माझं नाव पाहिजे होतं, त्यांचं नाही.

"त्यायचं त्यायले इचारा जी," मी म्हटलं. "मी माह्यापुरतं सांगाले आलतो. झालं सांगून."

साहेब काहीतरी म्हणत होता, थांब म्हणत होता बहुतेक. मी पायरी उतरलो आणि मोटारीच्या अड्ड्याकडं चालू लागलो.